डागी तलवारीचे मोल

चेन्नई शहराचा जुना व्यापारी भाग जॉर्ज टाउन या नावाने ओळखला जातो. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस पसरलेल्या या वस्तीत एकेका रस्त्याने जणू एकेक धंदा वाटून घेतला आहे. अँडरसन स्ट्रीटवर कागदाचे व्यापारी आहेत, एन. एस. सी. बोस रस्त्यावर सोन्याचांदीच्या पेढ्या आहेत, आणि समुद्राच्या अंगाला, ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीयांच्या उपजीविकेसाठी १९६९ साली वसलेला, परदेशी मालासाठी प्रसिद्ध असलेला बर्मा बाजार आहे. या गजबजाटात तंबु चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळचे देऊळ उभे आहे. लोहार, सुतार, कासार, पाथरवट आणि सोनार या पाच कारागिरांच्या विश्वकर्मा समाजाचे हे दैवत. मराठी माणसाची पावले या देवळाकडे वळतात ती मात्र दुसऱ्या कारणाने. दक्षिणेच्या मोहिमेवर असता छत्रपती शिवाजी महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी या देवीचे दर्शन घेतले, अशी येथील परंपरा आहे.

परंपरेला कागदाचा आधार कितपत, हा इतिहासकारांचा प्रश्न. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराजांचे पत्र मद्रासच्या इंग्रजांकडे आले होते, ही गोष्ट इंग्रजांच्या दप्तरात नोंदलेली आहे. विषावर उतारा म्हणून त्या काळी मोलाचे मानले जाणारे पाषाण आणि औषधे महाराजांनी मागविली होती, आणि इंग्रजांनी ती नम्र पत्रासह पाठविली. गंमत अशी, की अशा पाषाणांत अस्सल कोणता आणि घडविलेला कोणता, हा प्रश्न तेव्हाही होताच. गोव्यातील जेझुइट पाद्री कृत्रिम पाषाण तयार करीत आणि तेही चढ्या भावाने विकले जात. वस्तू दुर्मिळ झाली, की तिची प्रतिकृती निघते, आणि प्रतिकृती निघाली, की तिच्यातही उत्तम, मध्यम व हिणकस अशी प्रतवारी लागते. हा बाजाराचा जुना नियम आहे.

कारागिरांच्या देवीचे आणि भवानी तलवारीच्या धन्याचे नाव एकाच देवळात एकत्र येते, तेव्हा तलवारीची आठवण होणे स्वाभाविकच. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या दिवाणखान्यांत आज ढाल आणि तलवारीची जोडी भिंतीवर दिसते. सत्कारसमारंभात तलवार भेट दिली जाते, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती मावळ्याच्या हाती दिसते, शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती मिरवते. ही तलवार बहुधा प्रतिकृती असते. आणि प्रतिकृतींच्या बाजारात एक वेगळा ढीग नेहमी असतो. तो डागी मालाचा. म्यानावर ओरखडा उठलेला, पात्यावर गंजाचा ठिपका पडलेला, मूठ किंचित हललेली, अशा तलवारी निम्म्या भावाने विकायला ठेवलेल्या असतात. चार हजारांची वस्तू दोन हजारांत मिळत असेल, तर ती घ्यावी की नाही? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. परंतु डागी पातेले आणि डागी तलवार यांत एक भेद आहे. पातेले गळले तर आमटी जाते. तलवार तुटली, तर तुटलेला तुकडा कोणाच्या अंगावर जाईल, हे आधी सांगता येत नाही.

प्रतिकृती म्हणजे काही तरी लांच्छनास्पद, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. मराठ्यांच्या आवडत्या सरळ तलवारीला फिरंग म्हणत. त्या नावातच तिच्या पात्याचा मूळ गाव सांगितलेला आहे. युरोपातून, विशेषतः जर्मनी, इटली व स्पेन या देशांतून, पाती बंदरांवर उतरत आणि येथील कारागीर त्यांना देशी मूठ चढवीत. या पात्यांवर तिकडच्या कारखान्यांच्या खुणा उमटविलेल्या असत. त्या खुणांना भाव आहे असे दिसताच येथील लोहारांनी आपल्या पात्यांवरही तशाच खुणा ठोकावयास प्रारंभ केला. युरोपातही याहून वेगळे घडत नव्हते. अँड्रिया फेरारा या इटालियन कारागिराचे नाव त्याने कधी न पाहिलेल्या हजारो पात्यांवर उमटलेले आढळते. १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या गादीकडून प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झालेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिचेही पाते युरोपीय घडणीचे आहे. तेव्हा हत्यार कोठले, यापेक्षा ते कसे घडले आहे, हा प्रश्न जुन्या शिलेदाराला अधिक महत्त्वाचा वाटत असे. पाते हाती आले, की तो खूण पाही. परंतु खुणेवर विसंबून राहत नसे.

किंमत आणि मोल या दोन गोष्टी किती निराळ्या असू शकतात, याचे उदाहरण याच तमिळ भूमीत घडलेले आहे. तंजावरच्या राजवाड्यात नायक आणि मराठे राजांच्या काळापासून साठत आलेला मोठा शस्त्रसंग्रह होता. १८५५ साली तंजावरचे राज्य संपले. पुढे १८६३ साली ती शस्त्रे त्रिचनापल्लीस हलविण्यात आली. त्यांतील निवडक शस्त्रे मद्रासच्या शासकीय संग्रहालयासाठी बाजूला काढली गेली आणि उरलेली मोडून, तोडून, जुने लोखंड म्हणून विकण्यात आली. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात ही हकीकत लिहून ठेवली आहे. जे वाचले ते आज एग्मोरच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. उलट २०२५ च्या एप्रिल महिन्यात नागपूरकर रघुजी भोसले यांची फिरंग लंडनच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी सुमारे ४७ लाख रुपये खर्च केले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. एका शतकाने अशीच पाती भंगाराच्या भावाने विकली; दुसऱ्या शतकाने एका पात्यासाठी समुद्र ओलांडला. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ असे नव्हे, आणि महाग म्हणजे उत्तम असेही नव्हे. पारख हीच खरी गोष्ट होय.

पारख करावयाची तर तलवार घडते कशी, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात अल्पसा कार्बन मिसळला, की पोलाद होते. तलवारीच्या पात्यासाठी आज शेकडा सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असलेले पोलाद योग्य समजले जाते. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून तयार होणारे, जगभर वूट्झ या नावाने गाजलेले पोलाद याहून अधिक कार्बनाचे, दीड टक्क्याच्या आसपासचे असे. पाते घडवून झाले, की ते लालभडक, सुमारे आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवितात. यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. पाणी दिलेले पोलाद अतिशय कठीण होते, परंतु काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या दरम्यान तापवून त्याचा अति-कठीणपणा थोडा उतरवितात. कठीणपणाने धार टिकते आणि चिवटपणाने पाते टिकते. या दोहोंचा मेळ घालणे हेच लोहाराचे कसब.

भिंतीवर टांगावयाच्या पुष्कळशा प्रतिकृतींत हा मेळ घातलेलाच नसतो, कारण त्याची गरज नसते. त्या साध्या मऊ लोखंडाच्या असतात किंवा गंज न चढणाऱ्या स्टेनलेस पोलादाच्या असतात. स्टेनलेस पोलाद भाजी चिरण्याच्या सुरीस उत्तम. परंतु सुरीसाठी वापरतात त्या जातीचे कठीण केलेले स्टेनलेस पोलाद हातभर लांबीच्या पात्यात आले, की झटका सोसण्याची चिवटता त्यात कमी पडते. वाकण्याऐवजी ते तुटते. अशी तलवार निर्दोष असली तरी ती शोभेचीच वस्तू होय. दुकानात ती पूर्ण भावाने विकली जात असली, तरी तिला फिरविण्याचा अधिकार तिने मिळविलेला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डाग आहे की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. तलवार कशासाठी केलेली आहे, हा पहिला.

आता डागांकडे वळू. डाग दोन जातींचे असतात. एक कातडीवरचे आणि दुसरे हाडातले. म्यानाचे मखमल विटणे, मुलामा उडणे, पात्यावर ओरखडे पडणे, गंजाचा वरवरचा थर चढणे, नक्षीकाम ओबडधोबड असणे, मुठीचा मोगरा किंचित तिरका बसणे, हे कातडीवरचे डाग. यांनी तलवारीचे रूप बिघडते, बळ बिघडत नाही. वरवरचा गंज बारीक घासकागद आणि तेल यांनी निघतो, म्यान नवे करता येते. या कारणासाठी जर विक्रेता किंमत कमी करीत असेल, तर घेणाऱ्याने संकोच करू नये. त्याला उणेपणा मिळत नाही, केवळ दिखाऊपणाचे पैसे वाचतात.

हाडातले डाग निराळे. त्यांतील सर्वांत घातक डाग बहुधा दिसतच नाही, कारण तो मुठीच्या आत दडलेला असतो. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो, तो पात्याचाच सलग भाग असावयास हवा. स्वस्त प्रतिकृतींत पुष्कळदा पात्याच्या बुंध्याला एक बारीक सळई वेल्डिंगने जोडतात आणि तीच मुठीतून नेऊन शेवटी चाकीने आवळतात. तलवार हवेत फिरते, तेव्हा सर्वाधिक ताण नेमका पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो, आणि या रचनेत तेथेच सर्वांत दुबळा जोड असतो. भिंतीवर तो जन्मभर टिकेल. हातात तो दहाव्या वाराला टिकेल किंवा टिकणार नाही. किलोभर वजनाचे पाते वेगात असता मुठीतून सुटले, तर ते धार नसतानाही भाल्यासारखे जाते.

जुन्या कारागिरांना या सांध्याची जाणीव पुरेपूर होती. देशी तलवारीचे पाते राळ आणि तत्सम द्रव्यांच्या लुकणाने मुठीत घट्ट बसविलेले असे. मराठी फिरंगीच्या मुठीपासून तर लोखंडी पट्ट्या पात्यावर दोन्ही बाजूंनी उतरत, आणि त्या रिव्हेटांनी पात्याशी पक्क्या केलेल्या असत. त्या पट्ट्या शोभेच्या नव्हत्या. सांध्यावर येणारा ताण त्या पात्याच्या अंगावर पसरून टाकीत. आजच्या प्रतिकृतीत अशा पट्ट्या दिसल्या, तरी त्या केवळ वरून चिकटविलेल्या आहेत की खरोखर आरपार पक्क्या केल्या आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे. नाही तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार व्हावयाचा.

दुसरा घातक डाग म्हणजे चीर. पात्याच्या लांबीच्या दिशेने गेलेली रेघ पुष्कळदा घडणीची असते आणि ती तितकीशी भयंकर नसते. परंतु धारेपासून पाठीकडे आडवी जाणारी केसाएवढी चीर दिसली, तर तलवार कितीही स्वस्त असली तरी खाली ठेवावी. पाणी देताना पडलेली अशी चीर प्रत्येक झटक्यासरशी आत सरकत जाते, आणि एक दिवस पाते दोन होते. पाते वाकलेले असणे हा त्या मानाने सौम्य दोष आहे. वाकलेले सरळ करता येते, चिरलेले सांधता येत नाही. तिसरा डाग हलणाऱ्या मुठीचा. मूठ हलते, याचे कारण चाकी सैल असणे हे असू शकते आणि आतला जोड तुटू लागणे हेही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हलणारी मूठ उघडून पाहिल्यावाचून तिला क्षुल्लक मानू नये.

ही परीक्षा दुकानात उभ्याउभ्याही बरीचशी करता येते. मूठ डोळ्यापाशी धरून पात्याच्या पाठीवरून अणीपर्यंत पाहावे, म्हणजे वाक आणि पीळ कळतो. पाते उजेडाशी तिरपे धरून धारेवर नजर फिरवावी, म्हणजे चीर दिसते. मूठ एका हातात सैल धरून पात्यावर बोटाच्या सांध्याने टिचकी द्यावी. सलग पाते ठणठणीत वाजते. आवाज बसका किंवा खुळखुळता आला, तर आत काही तरी सुटलेले आहे. कुंभाराचे मडके घेताना बायका हेच करतात, आणि तत्त्व तेच आहे. शेवटी विक्रेत्याला सरळ विचारावे, की किंमत कोणत्या डागासाठी उतरविली आहे, आणि मुठीतला भाग सलग आहे की जोडलेला. जो विक्रेता डाग दाखवून देतो, त्याची वस्तू विचार करण्याजोगी असते. जो नुसती किंमत दाखवितो आणि कारण सांगत नाही, त्याची सवलत ही सवलत नसून जोखमीचे हस्तांतर असते. डेहराडूनसारख्या ठिकाणी जुन्या हत्यारांच्या प्रतिकृती तयार करून त्या युरोप-अमेरिकेस पाठविण्याचा व्यवसाय कित्येक दशके चालू आहे. अशा व्यवसायात तपासणीत मागे पडलेला माल वेगळा काढून कमी भावाने विकणे ही रूढ गोष्ट आहे. त्यात फसवणूक नाही. परंतु मागे का पडला, हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याने सोडू नये.

याउलट एक डाग मुद्दाम पाडलेला असतो. नव्या पात्याला आम्लाने किंवा मिठाच्या पाण्याने गंज चढवून, मुठीला काळिमा आणून, तीच तलवार तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. येथे डागामुळे किंमत उतरत नाही, चढते. शंभर वर्षांहून जुन्या शस्त्रांना १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाचे नियम लागू होतात. तेव्हा खरोखर जुनी तलवार कोणी रस्त्यावर कवडीमोलाने देऊ करील, तर ती खरी असल्यास व्यवहार शंकास्पद, आणि खोटी असल्यास व्यवहार उघडच फसवा. दोन्ही वाटा घेणाऱ्याच्या तोट्याकडे जातात.

आता कायद्याची बाजू. पुष्कळांची समजूत अशी, की तलवारीला धार नसली म्हणजे ती खेळणे झाली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात खेळण्यांना सूट आहे, पण ती दुहेरी अटीची आहे. जी वस्तू खेळण्याखेरीज अन्य प्रकारे वापरता येत नाही आणि जिचे उपयोगी शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, तीच सुटते. लाकडी किंवा पत्र्याची तलवार यात बसेल. पूर्ण लांबीचे पोलादी पाते सहाणेवर धरताच धारदार होते, आणि मग बोथटपणाची सबब पुरी पडत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवारीचा उल्लेख धारदार व प्राणघातक शस्त्रांत नावानिशी केलेला आहे. घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरीही त्याच वर्गात मोडते. अधिनियमाचे चौथे कलम ज्या प्रदेशास अधिसूचनेने लागू झाले आहे, तेथे अशी शस्त्रे परवान्यावाचून बाळगणे हा अपराध ठरतो आणि त्याला कारावासाची शिक्षा आहे. २०२२ च्या एप्रिल महिन्यात पिंपरी-चिंचवड येथे आणि धुळे जिल्ह्यात पोलिसांनी मोठ्या संख्येने तलवारी जप्त केल्या. पिंपरी-चिंचवडच्या तलवारी तर कुरिअरने चाललेल्या होत्या. यावरून घरपोच मागविलेल्या पार्सलाकडे कायदा कोणत्या नजरेने पाहतो, हे ध्यानात यावे. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात चौकशी करणे हा भित्रेपणा नसून शहाणपणा आहे. पावती जपून ठेवावी, आणि सवलतीच्या मोहाने पावतीवाचून व्यवहार मुळीच करू नये.

एवढ्यावरून मूळ प्रश्नाचा निवाडा करता येतो. तलवार भिंतीवर टांगावयाची असेल, कायद्याची बाजू नीट पाहिलेली असेल आणि डाग केवळ रूपाचा असेल, तर डागी प्रतिकृती घेण्यात शहाणपण आहे. मात्र तिचे खिळे भक्कम असावेत आणि ती मुलांच्या हाताला लागू नये, एवढे पाहिले पाहिजे. नाटकाच्या रंगमंचावर किंवा शाळेच्या कार्यक्रमात ती हवी असेल, तर लाकडाची किंवा पत्र्याची तलवार हीच योग्य. पोलादी प्रतिकृती स्वस्तात मिळते म्हणून मुलांच्या हाती देणे हा हिशेब उलटा आहे. आणि मर्दानी खेळासाठी, जेथे तलवार खरोखरीच फिरते, तेथे डागी माल कोणत्याही भावाने महागच. कोल्हापुरातल्या तालमींतून चालत आलेल्या या विद्येत शिकाऊ मुलाच्या हाती आधी लाठी आणि फरीगदगा देण्याची रीत आहे, पाते नंतर येते. या क्रमात जुन्या वस्तादांचा अनुभव साठलेला आहे. त्यांना ठाऊक होते, की खेळणाऱ्याभोवती नेहमी पाहणाऱ्यांचे कडे असते.

येथे या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. सवलतीचे पैसे घेणाऱ्याच्या खिशात राहतात. जोखीम मात्र त्याच्या एकट्याची राहत नाही. वाचलेले दोन हजार त्याचे, आणि तुटलेल्या पात्यासमोर उभा असलेला पोरगा दुसऱ्याचा. ज्या सौद्यात नफा एकाचा आणि धोका भलत्याचा, तो सौदा किमतीच्या अंगाने कितीही गोड दिसला तरी सरळ नव्हे. आपल्यापुरता धोका पत्करणे हे धाडस म्हणवू शकेल. परक्याच्या जिवावर पत्करलेला धोका धाडस म्हणवत नाही.

कालिकांबाळच्या देवळात ज्या कारागिरांची परंपरा वंदिली जाते, त्यांच्या लेखी हत्याराची लाज त्याच्या डागात नव्हती, खोटात होती. ओरखडा हा वापराचा असतो, खोट ही मनाची असते. भिंतीवरचा ओरखडा खुशाल स्वस्तात घ्यावा. मुठीतला खोट मात्र फुकट मिळाला तरी घरात आणू नये.